कमाई कुठे, बिऱ्हाड कुठे? : ठाणे जिल्ह्यातील रहिवाशांचे अर्थजीवन



इतिहासावर बोलायला प्राध्यापकांना बोलवावे, ही आपल्याकडील व्याख्यानमालांची जुनी चाल. यंदा चालकांनी एका युनियनवाल्याला उभे केले आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. १८६४ साली ज्यांनी ते वाचनालय काढले, त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातून रात्रपाळी करून येणारा वाचक असेल असे वाटत नाही. पण दार उघडे होते आणि वर्गणी परवडत होती. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले तर तो दोष माझा. काही नेमके सापडले तर त्याचे श्रेय त्या पुस्तकांना आणि ज्या कामगारांच्या घरी मी तीस वर्षे चहा पीत आलो, त्यांना द्यावे.

विषय आहे आपल्या जिल्ह्यातील माणसांच्या मिळकतीचा. सरकार दरवर्षी आर्थिक पाहणीचे पुस्तक काढते. त्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा एक तक्ता असतो. त्या तक्त्यात मुंबई, ठाणे, पुणे ही नावे वर्षानुवर्षे अगदी वरच्या ओळींत दिसत आली आहेत. हा तक्ता मी प्रथम पाहिला तेव्हा आमच्या कोळसेवाडीच्या चाळीत चार दिवस नळाला पाणी नव्हते, आणि शेजारच्या घरी किराणावाल्याने उधारी बंद केली होती. मनात आले, आपण ज्या श्रीमंत जिल्ह्यात राहतो तो हाच का? आज मी जे सांगणार आहे ते त्या दिवशीच्या शंकेतून निघाले आहे.

दरडोई उत्पन्न हा शब्द आपल्याकडे रुजवला तो दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ सालचे आकडे घेऊन त्यांनी हिशेब मांडला आणि सांगितले, की हिंदी माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २० रुपये येतात. पण दादाभाई तेथे थांबले नाहीत. त्यांनी त्या आकड्याशेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ठेवला, आणि मोकळा माणूस कैद्याइतकेही खात नाही हे दाखवून दिले. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : येथे पिकलेले धन जाते कुठे? सरासरी किती, हा पहिला प्रश्न. त्या सरासरीत माणूस जगतो का, हा दुसरा. आणि पैसा राहतो कुठे, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न मी आपल्या जिल्ह्याला विचारणार आहे.

आधी जिल्हा म्हणजे काय ते ठरवले पाहिजे, कारण ही वही वारंवार फाडून पुन्हा बांधली गेली आहे. साष्टी बेट एकेकाळी ठाणे जिल्ह्यात होते. १९२० साली त्याचा दक्षिणेकडचा भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. १९५० आणि १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली, आणि ती दहिसर-मुलुंडपर्यंत येऊन भिडली. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हे डोंगराळ आदिवासी तालुके वहीतून वजा झाले. यातून एक गोष्ट ध्यानात येते. गरीब तालुका वजा केला की सरासरी वर जाते, आणि त्यासाठी कोणाच्याही मजुरीत एक पैशाची वाढ व्हावी लागत नाही.

आता थोडे मागे जाऊ. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांचे लेख आहेत, आणि कल्याणच्या एका लोहाराच्या देणगीचाही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी येथल्या कारागिराच्या हाती दान करण्याइतके शिल्लक पडत होते, हे वाचून मला मोठा आनंद झाला. पुढे मुंबई वाढली आणि हा सारा मुलूख तिच्या मागचे अंगण बनला. या अंगणातून काय जात नव्हते? भात, मीठ, मासळी, लाकूड, कोळसा, वाळू, गवत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या गाडीचे कौतुक आपण शाळेत पाठ केले. मुंबईचा माल बंदरातून देशावर जावा आणि देशावरचा कापूस बंदरात यावा, हा त्या रुळांचा हेतू होता. ठाण्या-कल्याणच्या माणसाला मुंबईत कामाला जाता यावे, हा नंतरचा परिणाम. पण आपले सारे अर्थजीवन त्या परिणामावरच उभे राहिले.

पाण्याचेही तेच. १८६० साली विहार तलाव झाला आणि १८९२ साली तानसा धरण. पुढे वैतरणा आली, भातसा आली. ही धरणे शहापूर आणि मोखाड्याच्या डोंगरांत. मुंबईच्या नळाला त्यांचे पाणी येते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी जिल्ह्याचे, पण ते वापरून जे उद्योग चालतात त्यांचे उत्पन्न मोजायचे वेळी त्या पाड्यांचा कोणाला आठव होत नाही.

गवताची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण या जिल्ह्यात मजुरीचा हिशेब प्रथम मोठ्याने मागितला तो गवत कापणाऱ्यांनी. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी घेतलेले थोडेसे कर्ज फेडता फेडता नवरा-बायको दोघेही मालकाच्या घरी राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत हीच माणसे कापीत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर तेथे गेले आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली उभे राहिले. वेठ बंद करा, लग्नगडी मोकळे करा, आणि ५०० पौंड गवताला अडीच रुपये द्या, अशी त्यांची मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे जमावावर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. पुढे लढा चालला, वेठ मोडली. मला या लढ्यात एक विशेष दिसते. वारल्याने मालकाकडे दया मागितली नाही. इतक्या वजनाला इतके पैसे, असे माप त्याने पुढे केले. अक्षरशत्रू माणसाने अर्थशास्त्राचा पहिला धडा तेथे घालून दिला : आपल्या श्रमाचे माप आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर अंगणाचे रूप पालटले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांच्याजवळ जमीन नाही, कारखाना नाही, ओळखदेख नाही, अशा माणसांनी पापड लाटून, गोळ्या-बिस्किटे विकून, कपडे शिवून तेथे बाजारपेठ वसवली. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना आणि संरक्षण खात्याचे कारखाने होते. शहाडला आणि मोहन्याला कृत्रिम रेशमाचे कारखाने निघाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. मागोमाग डोंबिवलीची वसाहत आली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे, औषधांचे, यंत्रांचे कारखाने ओळीने उभे राहिले.

या काळातला कायम कामगार कसा जगत होता ते आठवून पाहा. १९४८ चा राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा, १९६५ चा बोनस कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा हे सारे त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर रकाने होऊन उतरले. आजारपणाला दवाखाना, म्हातारपणाला फंड, दिवाळीला बोनस. खोली भाड्याची असली तरी सोसायटीत नाव नोंदवता येई. मुलगा पॉलिटेक्निकला जाई. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर या चिठ्ठीतून निघाला. हे कायदे आपोआप आले नाहीत. १८४८ साली याच ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सह्या गोळा केल्या आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. तेथून ही रांग सुरू होते. आपल्यापैकी अनेकजण आज निवृत्तिवेतन घेऊन या मंडपात बसले आहेत. त्या वेतनाच्या मागे शंभर वर्षांची सही आहे.

मग हे मोडले कसे? माझ्यापुरते ते १९८२ साली मोडले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दीड वर्ष वाट पाहून वडिलांनी मुंबईची खोली सोडली आणि आम्ही कल्याण पूर्वेला आलो. वडील भिवंडीला यंत्रमागावर जाऊ लागले. भिवंडीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची जुनी वस्ती. हातमागाचे यंत्रमाग झाले होते आणि गिरण्यांचे काम तेथे लोटत होते. कापड तेच, विणणारा तोच. पण गिरणीत आठ तासांची पाळी होती आणि येथे बारा तासांची. गिरणीत महिन्याचा पगार होता, येथे मीटरवर मजुरी. वीज गेली की मजुरीही गेली. फंड नाही, विमा नाही, हजेरीपटावर नावसुद्धा नाही. वडील मुंबईत कामगार होते. पंचवीस कोस न जाता ते बिननावाचे झाले.

हे सारे चालू असता जिल्ह्याची लोकसंख्या फुगत होती. १९६१ साली ती साडेसोळा लाख होती, १९८१ साली साडेतेहतीस लाख, २००१ साली ८१ लाख. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांवर जाऊन ठाणे हा देशातला सर्वांत जास्त वस्तीचा जिल्हा ठरला. ही माणसे सगळीच येथल्या कारखान्यांसाठी आली नाहीत. मुंबईत घर परवडेना म्हणून फार मोठी संख्या आली. नोकरी मुंबईत, झोप डोंबिवलीत. आणि येथे मला माझ्या शंकेचे उत्तर सापडले.

जिल्ह्याचे उत्पन्न मोजतात ते जिथे निर्माण होते तिथे. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात जे मूल्य तयार झाले, म्हणजे तेथली मजुरी, व्याज आणि नफा, ते सारे ठाण्याच्या खाती जमा होते. मग तो नफा घेणारा मलबार हिलवर का राहीना. उलट डोंबिवलीचा कारकून नरिमन पॉइंटच्या कचेरीत काम करतो, त्याच्या कामाचे मूल्य मुंबईच्या खाती पडते. मग ठाण्याच्या या जमेला ठाण्यात राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागतात. मित्रहो, भाज्य एका माणसांचे आणि भाजक दुसऱ्या माणसांचे असा हा भागाकार आहे. यात लबाडी काही नाही, ती मोजण्याची एक पद्धत आहे, आणि उत्पादन किती हे त्यातून बरे कळते. पण रहिवासी कसे जगतात, हे तिला विचारू नये. अमेरिकेत काउंटी म्हणून जो जिल्ह्यासारखा भाग असतो, त्याचे वैयक्तिक उत्पन्न मोजताना शेजारच्या काउंटीत कामाला जाणाऱ्यांची कमाई त्यांच्या घरच्या काउंटीत आणून जमा करतात. मोठ्या शहराला लागून असलेल्या जिल्ह्याला हे केल्यावाचून गत्यंतर नसते.

आणि जमेची बाजू आणली तर खर्चाचीही आणली पाहिजे. मुंबईत कमावून डोंबिवलीत राहणारा माणूस रोज तीन-चार तास गाडीत देतो. त्याचे पैसे कोणी देत नाही. त्याच्या पासाची किंमत खर्चात लिहिली जाते, पण दारात लोंबकळण्याची किंमत कोणत्याच वहीत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या वळणावर एकमेकींजवळून गेल्या, आणि दारातली माणसे खाली पडून मेली. ती कामाला निघालेली माणसे होती. घर आणि काम यांतले अंतर हाही एक कर आहे, आणि तो सर्वांत गरीब प्रवासी सर्वांत जास्त भरतो, कारण स्वस्त घर नेहमी पुढच्या स्थानकावर असते.

सरासरी किती निष्ठुर असू शकते याचा एक दाखला देतो. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे आदिवासी बालके कुपोषणाने मेली. साऱ्या महाराष्ट्रात त्याचा गवगवा झाला. ज्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्यात वरच्या ओळीत, त्याच जिल्ह्यात हे घडले. दादाभाईंनी कैद्याचा शिधा आकड्याशेजारी का ठेवला, ते मला तेव्हा कळले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. १९८८ साली मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. चार-पाच वर्षांत कायम झालो आणि युनियनच्या कमिटीवर आलो. त्या सुमारास कारखाने एकेक करून हलू लागले होते. दमण, सिल्वासा आणि मागास तालुक्यांत करांची सूट होती. इकडे कारखान्याखालची जमीन कारखान्यातल्या मालापेक्षा महाग होत चालली होती. पुढे २००७ साली महाराष्ट्राने नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला आणि ही वाट आणखी रुंद झाली. जेथे भोंगे वाजत तेथे मनोरे उभे राहिले. आमच्या व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्ती पुढे केली. आम्ही भांडलो, रक्कम वाढवून घेतली, गेटवर गुलाल उडाला. मी स्वतः तो करार वाचून दाखवला आणि मला त्याचा अभिमान वाटला.

दोन वर्षांनी ग्रॅच्युइटीच्या एका तंट्यासाठी मला त्या लोकांच्या सह्या हव्या होत्या. यादी घेऊन मी दारोदार फिरलो. एकरकमी पैसा बहुतेक घरांत संपला होता. कोणी मुलीचे लग्न केले होते, कोणी गावचे घर बांधले होते, कोणाचे भिशीत बुडाले होते. यंत्रावरचे कसबी कारागीर इमारतीच्या फाटकावर पहारेकरी होते, आणि त्यांतला एक तर आमच्याच कारखान्याच्या जागेवर उठलेल्या इमारतीचा. कोणी भाड्याची रिक्षा हाकीत होते. कळव्याच्या एका घरी मी वहिनींना विचारले, “दादा कुठे भेटतील?” त्या शिलाईच्या यंत्रावरून न उठता म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या पावतीवर ह्यांचं एकट्याचंच नाव. घर कोण चालवतंय ते लिहिलंयत का कुठं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या माउलीचे काम, थोरल्या मुलीच्या शिकवण्या, धाकट्याचे पेपर टाकणे, यांतले काहीच आमच्या दप्तरात नव्हते. आम्ही कामगार गेटवर मोजला. गेट गेले तेव्हा आमचा हिशेबही गेला, आणि माणसे मात्र होती तिथेच राहिली. सरकारी तक्त्याने माणूस कारखान्यात मोजला म्हणून मी त्याला नावे ठेवतो, पण आम्ही युनियनवाल्यांनी तरी दुसरे काय केले होते?

त्या दिवसापासून मी घरातला हिशेब विचारू लागलो. त्यातून एक शहाणपण मिळाले. एकाच चाळीत दोन घरे असतात. दोन्ही घरांत महिन्याला सारखीच रक्कम येते. पहिल्या घरात ती एका कायम नोकरीतून येते, दुसऱ्यात चार जणांच्या चार कच्च्या कामांतून. पहिल्यात मुलगी कॉलेजात, दुसऱ्यात ती दुकानात. पहिल्या घरी आजारपण आले तर रजा, दुसऱ्या घरी आले तर कर्ज. तक्त्यात दोन्ही घरे सारखी. म्हणून मिळकत किती, या प्रश्नाशेजारी पाच प्रश्न विचारले पाहिजेत : ती किती जणांच्या कामातून आली, किती तासांच्या, किती कोसांवरून, काम सुटले तर किती दिवस पुरेल, आणि तिच्यातले भाडे व व्याज यांत किती गेले.

हे काम अशक्य आहे असे कोणी समजू नये. धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करून १९४५ आणि १९५२ साली तिचे दोन भाग छापले. त्यांना पुणेकर कसा जगतो हे जाणून घ्यायचे होते आणि ते त्यांनी पुणेकराच्या दारात जाऊन विचारले. आणि मोजल्यावर काय करायचे, याचाही नमुना आपल्याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केले आणि त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाला एक ठरलेला मालक नसतो. आज या पेढीवर, उद्या त्या वखारीत. कायद्याने काय केले? हमालाची नोंद मंडळाकडे केली. कोणत्याही पेढीने त्याच्याकडून काम घेतले तर मजुरी आणि वरची पट्टी मंडळात भरायची. तेथून त्याला पगार, फंड, रजा. १९८० नंतर मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत हलले. बाजार हलला, पण नोंदणी असलेला हमाल बिननावाचा झाला नाही. हक्क गेटला बांधलेला नव्हता, माणसाला बांधलेला होता. माझ्या वडिलांना भिवंडीत, आमच्या पहारेकऱ्याला त्याच्या फाटकावर आणि कळव्याच्या त्या वहिनींना शिलाईच्या यंत्रापाशी असाच हक्क हवा आहे. आज मोटरसायकलवर डबे पोहोचवणाऱ्या पोरालाही तोच हवा आहे.

या लढाईत यशाची हमी मी देत नाही. माथाडी मंडळांतही खोट्या नोंदी झाल्या, दादागिरी शिरली, हे मी जवळून पाहिले आहे. पण ज्याची मोजणी होत नाही त्याची मागणीही होत नाही, हे वारली शेतकऱ्याने १९४५ साली ओळखले होते. ५०० पौंडांना अडीच रुपये! आपल्या घरात आज असे माप कोणाजवळ आहे?

म्हणून जाताना एक विनंती करतो. येथल्या वाचनालयांनी, गृहनिर्माण संस्थांनी, महिला मंडळांनी आपापल्या आळीची एक वही घालावी. नावे लिहू नयेत, कोणाची लाज काढू नये. फक्त ते पाच प्रश्न विचारावेत आणि दरवर्षी याच वसंतात ती वही येथे वाचून दाखवावी. दहा वर्षांत या गावाजवळ असा इतिहास होईल की सरकारी तक्त्याला त्याची दखल घ्यावी लागेल. पहिल्या वहीत माझ्या चाळीची घरे मी स्वतः भरून आणीन. उद्या पहाटे आपल्यापैकी अनेकांना गाडी धरायची आहे, म्हणून येथेच थांबतो.